टाक्यांतला पू आधी तपासा

आपल्या बागलाणात डाळिंबावर डाग दिसला की आपण आधी बघतो, तेल्या आहे की बुरशी. तेल्या जिवाणूंमुळे होतो, त्यावर बुरशीचं औषध मारलं तर पैसे पाण्यात. मग सिझरच्या टाक्यांतून पू आला, तर बाईला अंदाजाने गोळ्या का?

आमच्या गटातल्या एका ताईचं असंच झालं. घरी आल्यावर टाके लाल झाले, ताप भरला. दोनदा गोळ्या बदलल्या. शेवटी गटाचं कर्ज काढून ती दुसऱ्या दवाखान्यात गेली, तिथे पू कल्चरला पाठवला. आधीच्या दोन्ही औषधांना ते जंतू दाद देत नव्हते. सासूबाई मात्र म्हणत होत्या, हिने वांगं खाल्लं! वांग्याचा काही संबंध नव्हता.

कल्चर म्हणजे काय? जखम सलाईनने पुसून आतला पू निर्जंतुक काडीवर घेतात. तो अगारच्या ताटलीवर पसरून रात्रभर उबेत ठेवतात, आपण विरजण लावतो तसंच. जंतू वाढले की ते ओळखतात आणि त्यांच्यावर औषधांच्या चकत्या ठेवतात. जिच्याभोवती पुरेशी जागा मोकळी राहते, ते औषध चालतं. म्हणून दोन-तीन दिवस लागतात. हे अगार वापरायचं सुचवलं फॅनी हेस या बाईने, १८८१ साली. ती घरी त्याची जेली करायची, नवरा रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत होता. तिचं नाव फारसं कोणी घेत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

दवाखान्यात लागलेले जंतू पुष्कळदा औषधांना सरावलेले असतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात २००९ मध्ये कार्बापेनेम या भारी औषधांनाही न जुमानणारे जंतूंचे २४ नमुने तपासले. त्यांतल्या २२ मध्ये एनडीएम-१ सापडलं, म्हणजे औषध निकामी करणारा गुण.

तेव्हा ऑपरेशननंतर महिनाभरात पू, ताप, लाली दिसली तर हळद लावत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. डॉक्टरांना विचारा, "नवीन औषध सुरू करण्याआधी कल्चर घेणार का?" ताप जास्त असेल तर नमुना घेऊन डॉक्टर औषध लगेच सुरू करतील, रिपोर्ट आल्यावर गरज पडल्यास बदलतील. नमुना कुठे पाठवला, रिपोर्ट कधी येईल, तेही विचारा. रिपोर्टात 'एस' म्हणजे चालतं, 'आर' म्हणजे चालत नाही. त्याची झेरॉक्स बाळंतपणाच्या कागदांत ठेवा.