'कशावर आहे रे तुझी कादंबरी?'

आजचा एपिसोड त्यांच्यासाठी, ज्यांच्या लॅपटॉपमध्ये एक कादंबरी पडून आहे आणि ही बातमी घरात, ऑफिसात फुटलेली आहे. बातमी फुटली की एक प्रश्न हमखास येतो. कॅन्टीनमध्ये, लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत. "अरे, तू कादंबरी लिहितोयस म्हणे? कशावर आहे?"

इथे बहुतेकांची बोबडी वळते. मग दोनपैकी एक उत्तर येतं. पहिलं, "तसं सांगता येणार नाही, वाचावीच लागेल." आता वाचणार कुठून? छापलेलीच नाही! दुसरं, "माणसाच्या एकटेपणावर आहे." समोरचा म्हणतो, "वा, छान," आणि मोबाइल काढतो. विषय संपला.

गंमत अशी आहे की विचारणारा 'कशावर' म्हणतो, पण त्याला विषय नको असतो, गोष्ट हवी असते. माणूस कोण, त्याला काय हवंय, आणि आडवं काय येतंय. बस, एवढंच.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या, १९५५ची. 'ग्रामीण जीवनावर आहे' म्हटलं तर कोण विचारणार पुढे? आता असं म्हणा: एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो, पण शाळेत पोरंच येत नाहीत. लगेच वाटतं ना, मग काय केलं त्यानं?

किंवा विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९ची. युरोपातून निघालेल्या बोटीवर एक मराठी तरुण आणि एक जर्मन ज्यू तरुणी प्रेमात पडतात, आणि प्रवास संपला की दोघांच्या वाटा वेगळ्या. 'युद्ध आणि प्रेम' यापेक्षा हे किती जास्त सांगतं!

माझ्या कादंबरीबद्दल मी एवढंच सांगतो: एक निवृत्त एसटी कंडक्टर शेत विकायला काढतो, तर सातबाऱ्यावर एका अनोळखी बाईचं नाव निघतं. इथे थांबायचं. समोरून "मग? कोण ती?" आलं की काम झालं. "वा, छान" ही पावती नाही. "मग?" ही पावती.

आता कुणी म्हणेल, माझी कादंबरी अशी घटनांची नाहीच. बरोबर. नेमाड्यांची 'कोसला' एका वाक्यात काय? खानदेशातला मुलगा पुण्याला शिकायला येतो आणि रिकाम्या हातानं घरी परत जातो. वाक्य साधं वाटतं, कारण खरी जादू पांडुरंग सांगवीकरच्या बोलण्यात आहे. अशा वेळी कोण बोलतंय आणि कसं बोलतंय, ते सांगा. आणि आपली तीन वर्षं एका वाक्यात मावली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. ते वाक्य म्हणजे दार आहे, घर नाही.

पण त्या माणसाला काय हवंय, हेच सांगता येत नसेल तर? कोड रिव्ह्यूमध्ये कुणी विचारलं, "हे फंक्शन काय करतं?" आणि आपण पाच मिनिटं बोलत राहिलो, तर गडबड बोलण्यात नसते, कोडमध्ये असते. इथेही तसंच. मग वाक्य घासत बसू नका, ड्राफ्ट उघडा.

एक फरक लक्षात ठेवा. प्रकाशकाला सारांश पाठवताना शेवटासकट सगळी गोष्ट लिहायची, तिथे सस्पेन्स नको. मावशीला मात्र शेवट सांगायचा नाही. प्रत्येक पंगतीत अख्खी कादंबरी सांगून टाकली की रात्री लिहायला बसायची खुमखुमीच जाते.

तर आजचा होमवर्क. वीस सेकंदांची व्हॉइस नोट करा आणि अशा मित्राला पाठवा जो पुस्तकं वाचत नाही. त्याचं "मग?" आलं का, ते मला नक्की कळवा. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. लिहीत राहा!