न वितळणाऱ्याला वळवायचं कसं?



मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कारागीर गरम हवेचा झोत सोडण्याआधी शेजारच्या भागांवर तांबूस पिवळी, पारदर्शक पट्टी चिकटवतो. साधं प्लॅस्टिक तिथं क्षणात आक्रसलं असतं. ही पट्टी पॉलिइमाइड या प्लॅस्टिकची. ड्यूपॉन्ट कंपनीने १९६०च्या दशकात ते ‘कॅप्टन’ या नावाने आणलं. ४०० अंश सेल्सिअसच्या आसपासही ते थोडा वेळ तग धरतं.

पण जो गुण तीच अडचण. त्याच्या रेणूंच्या साखळ्या ताठ वलयांच्या, एकमेकींना घट्ट बिलगलेल्या. त्यामुळे ते वितळत नाही, सहसा विरघळतही नाही. मग आकार द्यायचा कसा? वलयं मिटण्याआधी, कच्च्या अवस्थेतच ते द्रावकात घेऊन पसरायचं आणि नंतर ३०० अंशांच्या आसपास तापवून वलयं मिटवायची. तेव्हा पाणी सुटतं. पातळ पट्टीतून ते निघून जातं. जाड वस्तूत मात्र वाफेचे बुडबुडे अडकतात आणि वस्तू आतून कमजोर होते.

म्हणजे वलयं मिटल्यावरही विरघळणारं पॉलिइमाइड हवं. त्या दिशेने पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झालेलं काम मला फार मोलाचं वाटतं, कारण त्याचा कच्चा माल आहे काजूच्या टरफलातलं तेल! काजू फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल चोळतात, कारण हा चीक कातडी जाळतो. टरफलाच्या त्याच तेलातल्या कार्डॅनॉलला पंधरा कार्बनची लांब, लवचीक शेपटी असते. ती पॉलिइमाइडला बाजूने जोडली की साखळ्या तितक्या बिलगू शकत नाहीत आणि द्रावकाला आत शिरायला वाट मिळते. मग पातळ थर द्यायला नुसतं द्रावक उडवून लावलं तरी पुरतं. वलयं मिटवायची भट्टी लागत नाही.

त्याची किंमत मोजावी लागते. मऊ होण्याचं तापमान बरंच खाली येतं, त्यामुळे जेट इंजिनाजवळ हे चालायचं नाही. विघटन मात्र ४०० अंशांपलीकडेच होतं. इलेक्ट्रॉनिक्समधल्या पातळ थरांसाठी हा सौदा मला परवडणारा वाटतो.

आज हे तेल ब्रेकच्या अस्तरांत, रंग-वॉर्निशांत जातं. त्यातला काही वाटा इकडे वळावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. त्यासाठी आधी कार्डॅनॉल शुद्ध करून शेपटीतले दुहेरी बंध हायड्रोजनने भरावे लागतात, आणि हायड्रोजन जोडण्याचं काम आपल्या रसायन कारखान्यांना नवं नाही.