सरावाला उदाहरणं कुठून आणावीत?

बारावीला अवकलन आणि समाकलन सुरू झालं, की थोड्याच दिवसांत एक तक्रार हटकून कानी येते: "पुस्तकातली उदाहरणं संपली. आता सराव कशाचा करायचा?" शहरातला विद्यार्थी चार दुकानं पालथी घालील. पण आर्वी किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या खेड्यातून एस. टी.नं कॉलेजला येणाऱ्यानं काय करावं?

पहिला मार्ग सरळ आहे. बालभारतीचं पुस्तक संपलं, तर एनसीईआरटीचं घ्यावं. दोन्ही इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेता येतात. पण उदाहरण शोधावं लागतं, तसंच ते घडवताही येतं. आणि घडवलेलं उदाहरण अधिक शिकवून जातं.

समाकलन अवघड वाटतं ना? मग उलट्या बाजूनं या. 'क्ष गुणिले साइन क्ष' याचं अवकलन केलं, की 'साइन क्ष अधिक क्ष कॉस क्ष' मिळतं. हे चिठ्ठीवर लिहा, मूळ पद मागच्या बाजूला लिहा. झालं समाकलनाचं उदाहरण तयार, उत्तरासकट! अशा वीस चिठ्ठ्या करा आणि मित्राशी अदलाबदल करा.

आता जरा घराबाहेर पाहू. समजा, धाम नदीच्या काठी शेताचा एक आयताकृती तुकडा कुंपणात घ्यायचा आहे. तार 200 मीटर. नदीच्या बाजूला कुंपण नको. जास्तीत जास्त जमीन कशी मिळेल? नदीशी काटकोनातल्या बाजू 50-50 मीटर आणि समांतर बाजू 100 मीटर. क्षेत्र 5000 चौरस मीटर. उत्तर बरोबर कशावरून? 50 ऐवजी 49 घेऊन पाहा, मग 51 घेऊन पाहा. दोन्ही वेळा 4998च येतात. उत्तरसूची नसली, तरी शेजारच्या दोन आकड्यांनी साक्ष दिली.

आता त्यातच बदल करा. कपाशी आणि तूर वेगळी ठेवायला मधोमध, नदीशी काटकोनात, आणखी एक कुंपण घाला. तार तेवढीच. काटकोनातल्या बाजू आता 33 पूर्णांक एक तृतीयांश मीटर होतात, पण समांतर बाजू पुन्हा 100च! असं का व्हावं? दोन कुंपणं मध्ये घातली तर? हा प्रश्न तुमचा तुम्हाला पडला, की सराव संपून अभ्यास सुरू झाला म्हणायचं.

ही रीत आपल्याकडे नवी नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त गणितं येतात ती तळ्यातल्या कमळाची, मोराची आणि सापाची. आणि 1937च्या ऑक्टोबरात वर्ध्यालाच भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमचा विचार पुढे आला. हातातलं काम आणि भोवतालचं जीवन यांच्याशी शिक्षणाची सांगड घालायची, याला तिथं 'समवाय' म्हणत. ती योजना लहान मुलांसाठी होती; पण बारावीच्या गणितानं ती सांगड का टाळावी?

तेव्हा रोज पुस्तकातली चार उदाहरणं सोडवा आणि पाचवं स्वतः रचा. चुकलं तरी बिघडत नाही. कुठं अडलं ते नेमकं कळेल, आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारायला नेमका प्रश्न हाती असेल.