मेंदूचा वाफसा
(स्वागताध्यक्षीय भाषण)





लातूरला आलेल्या पाहुण्याला आम्ही गंजगोलाईची बाजारपेठ दाखवतो. पण आजचं लातूर बघायचं तर उद्या पहाटे उठा. पाठीला दप्तर लावून, सायकल दामटत क्लासला निघालेली पोरं दिसतील. कुणी देगलूरचं, कुणी अहमदपूरचं, कुणी मुखेडचं. 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या ७२० गुणांपैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, म्हणून आमच्या विषयाला इथे भाव आहे. मी तीस वर्षं तोच शिकवला.

एक कबुली देतो. एकदा वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, सगळ्या पेशी एकाच पेशीपासून होतात, तर मग मेंदूतल्या पेशीला कसं कळतं, आपण नेमकं काय व्हायचं?" मी म्हणालो, "बाई, हे पेपरात येत नाही." ती खाली बसली, ती परत काही विचारायला उठली नाही.

पुढे कळलं, की याच प्रश्नावर मुंबईत एका मराठी बाईंनी आपली प्रयोगशाळा उभी केली आहे. डॉ. शुभा टोळे. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकल्या, कॅलटेकमधून पीएच.डी. केली, शिकागोत पुढचं संशोधन केलं आणि १९९९ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या. 

त्यांचं काम आपल्या भाषेत सांगतो. लुगड्याला जसा काठ, तशी गर्भातल्या मेंदूच्या पातळ पदराला कडेनं पेशींची एक अरुंद पट्टी असते. ती शेजारच्या पेशींना इशारा देते आणि त्या पेशींचा हिप्पोकॅम्पस होतो. नव्या आठवणी साठवायच्या तर हा भाग लागतो. मग पदर कोण होणार आणि काठ कोण, हे ठरवतं कोण? टोळे यांच्या गटानं कॅलिफोर्नियातल्या एडविन मोनुकी यांच्या प्रयोगशाळेबरोबर उंदरांच्या गर्भावर काम केलं. 'एलएचएक्स-२' हे जनुक काही पेशींच्या ठिगळांतून काढलं, तेव्हा ती ठिगळं काठ झाली आणि त्यांच्या शेजारी जागोजाग हिप्पोकॅम्पस उभे राहिले. म्हणजे हे जनुक पेशीला बजावत होतं, तू पदरच राहा. हे संशोधन २००८ साली 'सायन्स'मध्ये आलं.

खरी गंमत वेळेची आहे. हेच जनुक थोडं उशिरा काढलं, तर पेशींचा काठ होत नाही. पुढे हिप्पोकॅम्पस घडताना तेच जनुक वेगळा निवाडा करतं: आता चेतापेशी घडवायच्या, आधारपेशींची घाई नको. आपण शेतकऱ्यांची पोरं, आपल्याला हे सांगायला नको. बी तेच, रान तेच. पण वाफसा गेला की पेरणी वाया.

टोळे यांना २०१० साली भटनागर पुरस्कार आणि २०१४ साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला. पण मला त्याहून मोठं वाटतं ते १९९९ साली रुजू होण्यापासून २००८ च्या त्या संशोधनापर्यंतचं अंतर, तेवढी वर्षं धरलेला धीर. आपल्याकडे दुसऱ्यांदा परीक्षेला बसणाऱ्या पोराला 'रिपीटर' म्हणतात आणि तो मान खाली घालतो. प्रयोगशाळेत मात्र रिपीट केल्याशिवाय निष्कर्षावर कुणी विश्वासच ठेवत नाही.

लातूरनं महाराष्ट्राला भरभरून डॉक्टर दिले, अजून देईल. पण जीवशास्त्राला दवाखान्याखेरीज आणखी एक दार आहे, हेही पोरांना दिसावं, म्हणून ही परिषद.

पाहुणचारात उणं राहिलं असेल. उन्हाचं तर विचारूच नका. सांभाळून घ्या. शिक्षक बंधू-भगिनींना एकच विनंती. या दोन दिवसांत कुठलंही पोर प्रश्न विचारायला उठलं, तर उत्तर येवो न येवो, त्याला खाली बसवू नका. प्रश्नालाही वाफसा असतो. माझा एकदा चुकला आहे.