बदली म्हणून गेलेला वादक



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठ्या विद्वानांची भाषणे झाली आहेत. मी विद्वान नव्हे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटामुळे आणि नगर वाचनालयाच्या कृपेने. तेव्हा मी लोकसंगीतावर बोलणार हे पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. स्वरतालाची चर्चा मी करणार नाही, ती करण्याचा मला अधिकार नाही. मी बोलणार आहे ते वादकाविषयी. वादक हा हाताने काम करणारा माणूस आहे, आणि अशा माणसांची गाऱ्हाणी ऐकण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत.

माझा प्रश्न साधा आहे. लोकसंगीताचा महोत्सव भरतो, मांडव पडतो, टाळ्या होतात, पुढाऱ्यांची भाषणे होतात आणि चौथ्या दिवशी मांडव उतरतो. ज्याच्या वाद्याने तो मांडव भरला, त्या माणसाच्या पदरात शेवटी काय पडते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना माझ्या वाचनात एका दूरच्या मुलखाची हकिकत आली. ती आज आपणापुढे ठेवतो.

अमेरिकेच्या दक्षिणेला, मेक्सिकोच्या आखाताला लागून लुइझियाना नावाचे राज्य आहे. दलदलीचा प्रदेश, भाताची आणि उसाची शेती. तेथे केजन नावाचे लोक राहतात. हे मूळचे फ्रेंच. कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया भागात ते शेती करीत होते. १७५५ साली इंग्रजांनी त्यांना घरादारासकट उठवून जहाजांत कोंबले आणि देशोधडीला लावले. त्यांतले बरेच जण पुढल्या काही वर्षांत लुइझियानात येऊन ठरले. त्यांनी आपली भाषा टिकवली आणि आपले संगीत टिकवले. शनिवारी रात्री कोणाच्या तरी घरातले सामान अंगणात काढायचे आणि मोकळ्या झालेल्या खोलीत नाच मांडायचा, अशी रीत होती. वाद्ये तीन-चार. फिडल, म्हणजे आपले व्हायोलिनच. छोटे अकॉर्डियन, ज्याचा भाता हाताने ओढायचा. आणि ताल धरायला लोखंडी त्रिकोण. हा त्रिकोण बाजारातून येत नसे. गवत ओढण्याच्या यंत्राचे जुने दाते वाकवून तो गावातच बनवीत. शेतकऱ्याचे अवजार मोडले की त्याचे वाद्य होत असे, असे म्हटले तरी चालेल.

१९२१ साली त्या राज्याच्या नव्या घटनेने शाळांतून इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शिकवण्यास बंदी केली. शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणाऱ्या मुलाला शिक्षा होई. 'मी फ्रेंच बोलणार नाही' हे वाक्य त्याच्याकडून शेकडो वेळा लिहून घेत. त्यातच खनिज तेलाचे कारखाने आले, इंग्रजी बोलणारे मुकादम आले, आणि पोटासाठी इंग्रजी आवश्यक झाली. मुलाला आपल्या बापाच्या भाषेची लाज वाटू लागली की त्याच्या गाण्याचीही वाटू लागते. हे संगीत अडाण्यांचे, गावंढळांचे, असे केजन लोक स्वतःच म्हणू लागले. कामगार चळवळीत आम्ही हे फार पाहतो. मालकाने माणसाला हलके लेखले तर त्याच्याशी लढता येते. माणूस स्वतःलाच हलके लेखू लागला की लढायचे कोणाशी?

आता गोष्टीतला मुख्य माणूस येतो. त्याचे नाव ड्यूई बाल्फा. जन्म १९२७. बाप दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारा, आणि फिडल वाजवणारा. मुलगाही वाजवू लागला. पण वाजवून पोट भरत नव्हते. म्हणून ड्यूईने शेती केली, शाळेची बस चालवली, विम्याची कामे मिळवली. शनिवारी तेवढे वाद्य हाती घ्यायचे.

१९६४ साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यूपोर्ट येथील लोकसंगीत महोत्सवाचे काही केजन वादकांना बोलावणे आले. राल्फ रिन्झलर नावाचा एक तरुण संशोधक महोत्सवाच्या वतीने गावोगाव हिंडून असे वादक शोधीत होता. दोघे ठरले होते, एक अकॉर्डियनवाला आणि एक फिडलवाला. गिटारवर साथ करायला जो जाणार होता त्याचे ऐनवेळी रहित झाले, आणि त्याच्या जागी ड्यूई बाल्फाला घेतले. आमच्या भाषेत सांगायचे तर हा माणूस 'बदली' म्हणून गेला. गिरणीच्या दारावर उभे राहून, आज कोणी गैरहजर आहे का, याची वाट पाहणारा बदली कामगार आपल्यापैकी जुन्या मंडळींना चांगला आठवत असेल. तोच प्रकार.

ही मंडळी निघण्यापूर्वी तिकडच्या एका स्थानिक वर्तमानपत्राने त्यांची टिंगल केली. असले संगीत बाहेर दाखवून राज्याची अब्रू जाणार, असा एकूण सूर. आणि झाले काय? ड्यूई बाल्फा पुढे सांगत असे की, तोवर आपण एका वेळी दोनशेंहून अधिक माणसांपुढे वाजवले नव्हते. न्यूपोर्टला त्यांच्यापुढे सतरा हजार माणसे होती, आणि ती त्यांना व्यासपीठावरून उतरू देईनात.

येथे मला एका व्यावहारिक गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. संगीताचे अभ्यासक तिचा उल्लेख ओझरता करतात. मला ती फार मोलाची वाटते. न्यूपोर्टचा महोत्सव १९५९ साली सुरू झाला. १९६१ व १९६२ साली तो भरलाच नाही. १९६३ साली तो पुन्हा उभा राहिला तेव्हा नफा न कमावणारी संस्था म्हणून उभा राहिला, आणि संस्थेने एक नियम केला: प्रत्येक कलावंताला पन्नास डॉलर, शिवाय प्रवासाचा व राहण्याजेवण्याचा खर्च. बॉब डिलन आणि जोन बाएझ यांच्यासारख्या नामवंतांनाही पन्नास डॉलर, आणि लुइझियानातून आलेल्या बदली वादकालाही पन्नास डॉलर. शिल्लक राहील ती रक्कम लोकसंगीताच्या कामासाठी वापरायची. समान कामाला समान दाम हा ठराव आम्ही किती अधिवेशनांत केला असेल याची गणती नाही. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी तो एका मैदानावर अमलात आणला होता. कोणी म्हणेल, नामवंताला पन्नास डॉलर म्हणजे काहीच नव्हे. खरे आहे. तो दुसरीकडे मिळवीत होता म्हणून त्याला हे परवडले. परंतु ज्याला दुसरीकडे काही मिळत नव्हते, त्याला त्या दिवशी कोणी खालच्या पंगतीला बसवले नाही, हेही तितकेच खरे.

पण मांडव तेथेही उतरलाच. मग पुढे काय? बाल्फाने तेथेच मनाशी ठरवले की, या टाळ्यांचा पडसाद आपल्या गावापर्यंत न्यायचा. परक्या मुलखात मिळालेल्या मानावर त्याचे समाधान झाले नाही. रिन्झलरच्या प्रयत्नाने न्यूपोर्टच्या शिलकीतून लुइझियानात काम सुरू झाले. तेथल्या शेतमालाच्या जत्रांतून जुन्या पद्धतीने वाजवणाऱ्यांच्या स्पर्धा लागल्या आणि रोख बक्षिसे मिळू लागली. १९६८ साली राज्याने फ्रेंच भाषेच्या जोपासनेसाठी एक मंडळ स्थापन केले. बाल्फा त्यांना हेच सांगत राहिला की, भाषा वाचवायची तर गाण्याला वगळून ती वाचणार नाही.

अखेर २६ मार्च १९७४ रोजी लफायेट शहरातील ब्लॅकहॅम सभागृहात केजन संगीताचा पहिला मोठा समारंभ झाला. पाऊस कोसळत होता, तरी सुमारे बारा हजार माणसे जमली. नाचण्याचे हे संगीत, पण त्या दिवशी नाचायला जागाच ठेवली नव्हती. सर्वांना खुर्च्यांवर बसवले. ज्या वादकांकडे पाठ करून लोक आयुष्यभर नाचले, त्यांच्याकडे तोंड करून त्या दिवशी त्यांनी ऐकले. आपल्याच शेजारच्या बसचालकाला, आपल्याच गावच्या शेतकऱ्याला त्यांनी कलावंत म्हणून प्रथम पाहिले. तो समारंभ पुढे दरवर्षीचा महोत्सव झाला आणि आजही भरतो.

ही हकिकत येथवर गोड आहे. पण तिची दुसरी बाजू लपवणे मला रुचणार नाही. त्याच मुलखात काळे लोकही तेच फ्रेंच बोलत आणि त्याच परंपरेतले संगीत वाजवीत. त्यांना क्रिओल म्हणतात. आमेदे आर्दवँ हा काळा अकॉर्डियनवादक दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाऱ्यांच्या घरातला. १९२९ साली त्याने डेनिस मगी या गोऱ्या फिडलवाल्याबरोबर ध्वनिमुद्रिका केल्या, आणि आजचे केजन वादकही त्याला गुरुस्थानी मानतात. त्याच्याविषयी तिकडे असे सांगतात की, एका नाचाच्या रात्री एका गोऱ्या बाईने त्याला घाम पुसायला रुमाल दिला. तेवढ्यावरून त्याला वाटेत गाठून असे मारले की तो पुन्हा माणसात आला नाही. १९४२ साली सरकारी मनोरुग्णालयात तो वारला. वाजवायला हवा, पण बरोबरीला नको! ज्या समाजांनी आपल्याला ढोलकी दिली, हलगी दिली, संबळ दिले, त्यांना गावाने कोठे बसवले हे आठवून पाहा, म्हणजे ही गोष्ट परकी वाटणार नाही. १९६६ साली आमेदेचा चुलतभाऊ आल्फोन्स आर्दवँ आणि फिडलवादक कॅनरे फाँतनो हे न्यूपोर्टच्या व्यासपीठावर गेले. एक शेतकरी, दुसरा पशुखाद्याच्या दुकानात नोकरी करून पोट भरणारा. लफायेटच्या महोत्सवाच्या नावात पुढे केजनांच्या जोडीला क्रिओल हे नावही आले. उशिरा आले, पण आले.

आणि पोटाचे काय? ड्यूई बाल्फाला १९८२ साली अमेरिकेचा लोककलेचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. तो पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत होता. १९९२ साली तो वारला तेव्हा त्याचे नाव जगभर झाले होते. तरीही त्याच्यासारखे बहुतेक वादक जन्मभर दुसरा कामधंदा करूनच जगले. महोत्सव मान देतो, नाव देतो, एक दिवसाचा दाम देतो. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांची सोय तो करीत नाही. आपल्याकडे विठाबाई नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला होता. त्यांच्या अखेरच्या आजारपणात औषधपाण्यासाठी लोकांनी वर्गणी काढावी लागली. २००२ साली त्या गेल्या, आणि नंतर त्यांच्या नावाने राज्य सरकारचा पुरस्कार सुरू झाला. पुरस्कार चांगलाच आहे. पण जिवंतपणी औषध आणि मेल्यावर पुरस्कार, हा क्रम उलटा असता तरी बाईंनी तक्रार केली नसती.

म्हणून आपणा सर्वांना माझी विनंती आहे. या गावात जत्रा भरते, गणेशोत्सव होतो, महोत्सवही होतात. वर्गणी आपण देतो, समितीत आपल्यातलीच माणसे असतात. त्यांना चार प्रश्न विचारा. ढोलकीवाल्याचे, पेटीवाल्याचे, झांजवाल्याचे नाव पत्रिकेत छापले आहे का? की नुसतेच 'आणि साथीदार'? ठरलेले पैसे खेळ संपल्यावर त्याच रात्री हातात पडतात का, की त्याला महिनाभर खेटे घालावे लागतात? त्याच्या जेवणाची पंगत पाहुण्यांच्या पंगतीबरोबर असते का? आणि शिल्लक राहिली तर तिच्यातला काही वाटा म्हाताऱ्या, आजारी वादकांसाठी बाजूला पडतो का? यांतल्या एकाही गोष्टीला सरकारी कायद्याची वाट पाहावी लागत नाही. समितीच्या एका बैठकीत चारही ठराव मंजूर होऊ शकतात.

लोककला जगवा असे आपण नेहमी म्हणतो. कला हवेत राहत नाही, ती माणसाच्या बोटांत राहते, आणि त्या बोटांना दोन वेळ भाकरी मोडावी लागते. पुढल्या वेळी टाळी वाजवाल तेव्हा व्यासपीठाच्या कडेला बसलेल्या साथीदाराकडे एकदा पाहा आणि त्याचे नाव विचारून घ्या. कामाची सुरुवात तेथून होते.