चांदीवर कोरलेली घराणी

कुणाला जुनी नाणी जमवण्याचा नाद असतो, कुणाला दिव्यांचा. इंग्लंडमध्ये अनेकांना चांदी मढवलेल्या जुन्या काचेच्या भांड्यांचा नाद आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिथल्या श्रीमंतांच्या टेबलावर लाल वाइनची सुरई असे. तिचं पोट काचेचं आणि गळा, मूठ व झाकण चांदीचं.

काच सहसा आपलं वय सांगत नाही, चांदी सांगते. चालत्या सिंहाचा छाप असला की चांदी ९२.५ टक्के शुद्ध. बिबट्याचं मुंडकं म्हणजे लंडन, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. १९७५पूर्वीचा मुकुट म्हणजे शेफील्ड. शेजारचं अक्षर वर्षाचं. मात्र तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येत असल्यानं त्यांचं वळण आणि भोवतीची चौकटही पाहावी लागते. राजाचं किंवा राणीचं मस्तक ही १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची खूण.

एवढ्यानं भांडं कधीचं ते कळतं, कुणाचं ते नाही. त्यासाठी चांदीवर कोरलेली चिन्हं वाचावी लागतात. नुसता पक्षी किंवा सिंह असेल तर जपून. एकच चिन्ह अनेक घराणी वापरत. पूर्ण ढाल अधिक बोलकी. ती उभी दुभागलेली असेल, तर आपल्या डावीकडे नवऱ्याचं घराणं, उजवीकडे बायकोचं. ढालीऐवजी पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार असेल, तर मालकीण विधवा किंवा अविवाहित. मग सरदार घराण्यांच्या वंशावळी, लग्नाच्या नोंदी, मृत्युपत्रं आणि लिलावाच्या याद्या चाळायच्या.

कधी चिन्हच खरवडलेलं असतं. तिथं चांदी बोटाला पातळ लागते. हलकेच फुंकर मारली, तर वाफेत पुसट रेषा उमटतात. १८९४मध्ये ब्रिटनमध्ये वारशावरचा नवा कर आला आणि १९१९मध्ये सर्वांत मोठ्या मालमत्तांवर तो ४० टक्क्यांपर्यंत गेला. अनेक घरांतली चांदी बाजारात आली. नवा मालक जुनं नाव पुसून आपलं कोरून घेई.

म्हणूनच ‘ही अमक्या लॉर्डांची सुरई’ असं दुकानदारानं सांगितलं, की पुरावा मागावा. काच फुटल्यावर जुन्या चांदीत नवी काच बसवली जाई, हेही विसरू नये. आणि अशी सुरई गरम पाण्यात बुडवू नका. चांदीचा गळा बहुधा प्लास्टरनं बसवलेला असतो, तो सुटतो.

नाव सापडलं तर आनंदच. नाही सापडलं, तर आपल्या नोंदवहीत ‘मालक अज्ञात’ असं लिहावं. मोठं नाव चिकटवलं की भांड्याची किंमत वाढते, पण ज्यांच्या घरात ते खरोखर वापरलं गेलं, ती माणसं कायमची पुसली जातात. ती जागा रिकामी ठेवली, तर उद्या एखाद्या जुन्या यादीतून त्यांचं नाव सापडेलही.