पानमळ्यातील ज्ञान आणि पर्यावरणशास्त्राचा प्रवेशअर्ज

(समाजाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आज येथे पदवी संपादन केलेल्या मुलामुलींचा सत्कार झाला. नारळ आणि शाल हाती पडली की दुसऱ्याच दिवशी घरात प्रश्न उभा राहतो, 'आता पुढे काय?' या प्रश्नाच्या अनेक उत्तरांपैकी एकाविषयीच आम्ही बोलणार आहोत. ते उत्तर म्हणजे पर्यावरणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण आणि त्यासाठी करावयाचा अर्ज. विषय काहींना परका वाटेल. पण आपल्या बारी समाजाइतका हा विषय ज्याच्या घरचा आहे असा समाज आमच्या पाहण्यात नाही.

पिढ्यान्पिढ्या आपण पानमळ्यावर जगलो. पानवेलीला ऊन सोसत नाही, म्हणून शेवरी आणि पांगाऱ्याची सावली धरावी लागते. तिला पाणी हवे, पण मुळाशी साचलेले चालत नाही. ज्याला हवा, सावली, माती आणि पाणी यांचा मेळ साधता आला त्याचाच मळा टिकला. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद-संग्रामपूर या पट्ट्यात, आपल्या पूर्वजांनी मळे लावले ते उगाच नव्हे. डोंगरातून उतरणारे पावसाचे पाणी पायथ्याच्या गोट्याखडीत मुरते आणि विहिरींना गोडे पाणी मिळते. तेथून दक्षिणेस पूर्णा नदीच्या काठाकडे गेले की खारपाण पट्टा लागतो. तेथे विहीर खणली तर पाणी लागते, पण ते खारट निघते. बुलढाणा, अकोला आणि अमरावती या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. तेथील गावांतून मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकू येतात. खारे पाणी कोठवर पसरले आहे, त्यात कोणते क्षार आहेत, त्यांचा आजाराशी संबंध कितपत आहे, हे मोजून सांगणारी माणसे हवी आहेत. ती बाहेरूनच यावीत असे कोठे लिहिले आहे?

आपला जिल्हा म्हणजे या शास्त्राची उघडी शाळाच आहे. लोणारचे विवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेले असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. त्यातील खारट, अल्कधर्मी पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने आणि नागपूरच्या नीरीने त्याचे नमुने तपासले; खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे दिसून आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. ज्ञानगंगा अभयारण्यात २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ शेकडो कोस चालून येऊन राहिला. पाणी, विवर आणि रान हे तिन्ही धडे आपल्या दारात आहेत.

आता प्रवेशाचा मार्ग पाहू. पर्यावरणशास्त्राची एम. एस्सी. करावयाची असेल तर बहुतेक ठिकाणी विज्ञानाची पदवी लागते. पर्यावरण आणि समाज यांचा अभ्यास करणाऱ्या काही अभ्यासक्रमांस मात्र कला-वाणिज्याचे पदवीधरही चालतात. जवळचे म्हणाल तर १९८३ साली स्थापन झालेले आपले अमरावती विद्यापीठ आहे. पुण्यास सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा विभाग आहे, तसेच १९९३ पासून चालत असलेली भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था आहे. दिल्लीस जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पर्यावरण विज्ञानाचे स्वतंत्र संकुल आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हवामानबदल आणि समाज यांचा एकत्र अभ्यास होतो. अभियंत्यांसाठी पवईची आयआयटी आहे, आणि संशोधनाची ओढ असणाऱ्यांस १९५८ पासून नागपुरात असलेली नीरी दूर नाही. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही परीक्षा द्यावी लागते. अलीकडे ती मार्चच्या सुमारास होते आणि अर्ज हिवाळ्यातच भरावे लागतात. गेट परीक्षेत २०२१ पासून पर्यावरणाचा स्वतंत्र पेपर आहे. ती फेब्रुवारीत होते. म्हणून पदवीचा निकाल लागल्यावर जागे होणाऱ्याचे वर्ष फुकट गेलेच म्हणून समजा.

परंतु तारखा पाळल्या म्हणजे सारे साधले असे नाही. अनेक संस्था अर्जासोबत एक निवेदन मागतात, किंवा मुलाखतीत तोच प्रश्न विचारतात: 'हा विषय तुम्हांस का शिकावयाचा आहे?' आपली मुले अडखळतात ती येथे. या ठिकाणी आमचाच फजितीचा प्रसंग सांगणे प्राप्त आहे.

तरुणपणी आम्हीही असा अर्ज केला होता. पृथ्वी संकटात आहे, मानवजातीने जागे झाले पाहिजे, अशी भारदस्त वाक्ये इकडून तिकडून जमवून निवेदन सजविले. मुलाखतीस बसलेल्या गृहस्थांनी ते वाचून बाजूला ठेवले आणि शांतपणे विचारले, "आपल्या घरी काय पिकते?" पानमळा सांगावयास आम्हांस लाज वाटली, आम्ही नुसते 'शेती' म्हणालो. "विहीर किती खोल आहे? दहा वर्षांपूर्वी पाणी किती खोल लागत होते?" आम्ही गप्प. प्रवेश मिळाला नाही. घरी येऊन ही हकीकत वडिलांस सांगितली, तेव्हा ते कात चाळवीत बसले होते. क्षणभर थांबून म्हणाले, "बापू, इहिरीचं इचारतीन हे ठाऊक असतं, त मले इचारून जायाचं व्हतं." आणि त्यांनी सारे सांगितले. कोणत्या साली पाणी किती परस खाली गेले, कोणत्या उन्हाळ्यात कोणाचा मळा वाळला, शेजारच्या शिवारात बोअर झाल्यावर कोणत्या विहिरीचा झरा आटला, हे सर्व त्यांना तोंडपाठ होते. जे पुस्तक आम्ही गावोगाव शोधीत होतो, ते घरीच ओसरीवर बसलेले होते. पुढल्या वर्षी आम्ही तेवढेच लिहिले, साध्या भाषेत, सालवार. आणि प्रवेश मिळाला.

हे केवळ आमच्या अनुभवावरून सांगत नाही. पुण्याचे डॉ. माधव गाडगीळ यांनी १९६९ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि ते स्वदेशी परतले. कर्नाटकात कागद गिरण्यांमुळे बांबू नष्ट होतो अशी बुरुडांची तक्रार होती. तिचा अभ्यास त्यांच्याकडे आला. बांबूच्या बेटाच्या बुंध्याशी काट्यांचे जाळे असते. ते साफ केल्यास बांबू चांगला वाढेल, असे वनखात्यास वाटे. गावकरी म्हणत, काटे काढले की कोवळे कोंब गुरे खातात. गाडगीळांनी प्रत्यक्ष पाहणी केली तेव्हा गावकऱ्यांचे म्हणणे खरे निघाले. हार्वर्डची विद्या थोर, पण अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसाचे म्हणणे तपासून पाहण्याची बुद्धी झाली म्हणून ती कामास आली.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, निवेदन लिहिण्यापूर्वी एक काम करा. आजोबांजवळ, आजीजवळ वही घेऊन बसा. विहिरीची खोली, पाण्याची पातळी, मळा कधी मोडला आणि का मोडला, हे वर्षांसह उतरवा. मग स्वतः दोरी सोडून यंदाचे पाणी मोजा. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये गावोगावी लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. आपल्या ग्रामपंचायतीची वही मागून पाहा, आणि त्यात आपल्या पानवेलीची व पानपिंपळीची नोंद नसेल तर ती करण्यास हातभार लावा. एवढे केलेत तर निवेदनात उसनी वाक्ये घालावी लागणार नाहीत. पहिल्या परिच्छेदात काय पाहिले ते लिहा, दुसऱ्यात कोणते कोडे सुटले नाही ते, आणि तिसऱ्यात ते सोडविण्यास याच विभागातील कोणते शिक्षण हवे ते. शिफारसपत्र ज्या प्राध्यापकांनी तुमचे काम पाहिले आहे त्यांच्याकडूनच घ्या, आणि ते मागण्यास महिनाभर आधी जा.

कागदपत्रांविषयी एक सावधगिरी. राज्यातील उपयोगाचे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र केंद्रीय संस्थांत चालत नाही. तेथे केंद्रीय नमुन्यातील आणि चालू आर्थिक वर्षातील प्रमाणपत्र मागतात. तहसील कार्यालयात ते वेळेवर काढून ठेवा. कागद अपुरा पडल्यामुळे हुशार मुलाची जागा जाणे यापरते दुर्दैव नाही.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांनी दीड वर्ष आधी तयारीस लागावे. ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या वर्गांसाठी अमेरिकेतील अनेक विद्यापीठांची मुदत आदल्या डिसेंबर-जानेवारीतच संपते. तेथे संशोधनाच्या कामाबद्दल फी माफ होऊन वर निर्वाहवेतनही मिळू शकते. मात्र त्यासाठी मार्गदर्शक प्राध्यापकांस आधी पत्र लिहावे लागते. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते. आपल्या राज्य शासनाची इतर मागास वर्गातील विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिष्यवृत्तीही आहे. हे सर्व सोडून शेत गहाण टाकून दलालाच्या हाती पैसे देऊ नका.

पालकांस दोन शब्द सांगून पुरे करतो. या शिक्षणानंतर नोकरी ठेवलेलीच आहे, असे आम्ही म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय शिक्षणक्रमात आला, म्हणून अध्यापनाचे क्षेत्र आहे. प्रदूषण नियंत्रण, पाणीपुरवठा, प्रकल्पांचे पर्यावरणीय मूल्यमापन, स्वयंसेवी संस्था, संशोधन ही क्षेत्रे आहेत. परंतु स्पर्धा आहे, आणि आरंभीचा पगार बेताचा असू शकतो. हे जाणूनच मुलांस पाठवा. आणि मुलींस मागे ठेवू नका. पाण्यासाठी हंडा घेऊन जी चालली, तिला पाण्याचे मोल शिकवावे लागत नाही.

आपल्या संस्थेस आमची एकच विनंती आहे. दरवर्षी सत्काराबरोबरच समाजातील वृद्ध बागाइतदारांच्या विहिरींची आणि मळ्यांची हकीकत मुलांकडून लिहवून घ्यावी आणि ती याच स्मरणिकेत छापावी. ज्यांनी पाणी उतरताना पाहिले ती माणसे एकेक करून आपल्यातून जात आहेत. आमचे वडीलही गेले. त्यांनी सांगितलेले आकडे आमच्या वहीत राहिले. पण जे विचारावयाचे राहून गेले, ते आता कोणासही विचारता येत नाही.